'परवा'साठी इंग्रजीत शब्द होता! व्हायरल होणारे जुने इंग्रजी शब्द खरे किती, खोटे किती?

'परवा' हा साधा शब्द इंग्रजीत सांगायचा तर 'द डे आफ्टर टुमॉरो' असे चार शब्द खर्ची पडतात. पण एकेकाळी इंग्रजीतही त्यासाठी एकच शब्द होता, 'ओव्हरमॉरो'. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'विसरलेले इंग्रजी शब्द' म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यांत तो हमखास दिसतो.

मात्र अशा याद्यांमधले सगळे शब्द सारखे नसतात. काही खरोखर वापरात होते, काही शब्दकोशापुरतेच राहिले, तर काहींचा अर्थ आपण उलटा घेतो. आणि एक शब्द तर कधी अस्तित्वातच नव्हता!

ओव्हरमॉरो: होता, पण टिकला नाही

१५३५ साली छापलेल्या माइल्स कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द सापडतो. पुढे इंग्रजीने तो सोडून दिला. इंग्रजीच्याच कुळातल्या जर्मन भाषेत मात्र 'यूबरमॉर्गन' हा त्याचा भाऊबंद आजही रोजच्या बोलण्यात आहे.

अ‍ॅप्रिसिटी: शब्दकोशापुरता शब्द

अर्थ आहे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. म्हणजे थंडीत सकाळी अंगणात बसून आपण जे कोवळं ऊन अंगावर घेतो, ते. हेन्री कॉकरमच्या १६२३ सालच्या शब्दकोशात तो आहे. लॅटिनवरून घडवलेले भारदस्त शब्द देण्याची त्या काळी कोशकारांमध्ये आवडच होती. शब्द गोड असला, तरी 'पूर्वी लोक असं म्हणायचे' हा दावा करायला फारसा आधार नाही.

दाउ: आदराचा नव्हे, एकेरी

प्रार्थना आणि जुन्या नाटकांमुळे 'दाउ' म्हणजे 'आपण' असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात उलट आहे. 'दाउ' म्हणजे 'तू' आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही'. मराठीप्रमाणेच तिथेही अनेकवचन आदरार्थी वापरलं जाऊ लागलं आणि मोठ्या माणसाला 'दाउ' म्हणणं उर्मटपणाचं ठरलं.

१६०३ साली सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला. तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी अपमान करण्यासाठी त्याला मुद्दाम 'दाउ' म्हटलं. त्याच शतकात क्वेकर पंथाचे लोक 'सगळी माणसं समान' म्हणून न्यायाधीशांनाही एकेरीत हाक मारू लागले. त्यासाठी काहींनी मारही खाल्ला. पुढे प्रमाण इंग्रजीतून 'दाउ' गेला आणि सगळ्यांसाठी 'यू' उरला.

स्नॉलीगोस्टर: गेला आणि परत आला

अर्थ: हुशार, पण तत्त्वं गुंडाळून ठेवलेला माणूस, विशेषतः राजकारणी. एकोणिसाव्या शतकातला हा अमेरिकन शब्द राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९५२ मध्ये भाषणात वापरला. वापर घटला म्हणून मेरियम-वेब्स्टरने २००३ मध्ये तो आपल्या कॉलेज शब्दकोशातून काढला. पण लोक पुन्हा वापरू लागल्यावर २०१७ मध्ये त्याला कोशात परत जागा मिळाली.

डॉर्ड: कधीच नव्हता!

१९३४ च्या वेब्स्टर शब्दकोशात 'डॉर्ड' म्हणजे 'घनता' असं छापून आलं. घडलं ते असं: घनतेचं संक्षिप्त रूप 'मोठा डी ऑर छोटा डी' असं लिहिता येतं, हे सांगणारी एक चिठ्ठी होती. ती संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि 'डी ऑर डी' जोडून 'डॉर्ड' झाला. शब्दाची व्युत्पत्तीच दिलेली नाही, हे १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं, तेव्हा चूक उघड झाली.

मग शेअर करण्यापूर्वी काय पाहायचं?

शब्दकोशात शब्दापुढे दिलेली खूण पाहा. 'आर्काइक' म्हणजे जुनाट, पण क्वचित वापरात असलेला. 'ऑब्सोलीट' म्हणजे वापरातून पूर्ण गेलेला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात शब्द कोणत्या वर्षी, कुठे वापरला गेला याची उदाहरणंही असतात. यादीतला एखादा शब्द कोणत्याच मान्यताप्राप्त कोशात सापडला नाही, तर तो निबंधात किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये न घेतलेलाच बरा. आणि शब्द कोशात सापडला तरी डॉर्डची गोष्ट लक्षात असू द्या: तो कुणी खरंच वापरला होता का, हेही पाहायला हवं.