तळटीप : शेगावची कचोरी

१. शेगावची कचोरी : बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम करमचंद शर्मा यांनी १९५०च्या सुमारास येथे कचोरी विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, आत मुगाच्या डाळीचे तिखट सारण आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. हिला ना दही लागते ना वाटी-चमचा. गाडी थांबते तेवढ्यात खिडकीतून पुडी आत येते आणि पुढच्या स्थानकाआधी संपते. गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेले भाविक परतताना घरच्यांसाठीही ती बांधून नेतात. तिची कीर्ती महाराष्ट्रभर पोहोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

आज पुण्या-मुंबईतही ‘शेगाव कचोरी’च्या पाट्या दिसतात, पण त्या सगळ्या एका मालकाच्या नाहीत. रे क्रॉक यांनी १९५५मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मॅकडोनाल्ड्सचे दुकान उघडले आणि पुढे नाव, कृती, यंत्रे सारे करारात बांधून साखळी वाढवली. १९९६मध्ये ती भारतात आली. शेगावचे नाव मात्र बरेचसे अशा कराराविनाच पसरले. त्यामुळे दर दुकानी चव बदलते. प्रस्तुत लेखकाने वर्णिलेली चव स्थानकावरच्या ताज्या घाण्याची आहे. शहरातल्या पाटीखाली खाल्लेल्या कचोरीवरून वाचकांनी तिचा अंदाज बांधू नये.