विंचवाचे बिऱ्हाड : खानदेशच्या वाटेवरील सरंजामाचा इतिहास

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण नेहमी थोड्या तुच्छतेनेच वापरतो. ज्याला घर नाही, ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याच्यासाठी ती राखून ठेवलेली असते. गंमत अशी, की अलीकडे हेच बिऱ्हाड हौसेने विकत घेतले जाते. मोटारीमागे जोडायचे चाकांवरचे घर, ज्याला पाश्चात्त्य देशांत 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात, ते आता आपल्याकडेही अपरिचित राहिलेले नाही. महाराष्ट्र शासनाने 2021 साली 'कॅराव्हॅन पर्यटन धोरण' जाहीर केले, तेव्हा या हौसेला राजमान्यताही मिळाली. असे घर प्रथमच घेणाऱ्याच्या हाती एक यादी पडते : जोडणीचा आकडा आणि सुरक्षेची साखळी, थांबल्यावर चाकांखाली लावायचे ठोकळे, घर समतल करायच्या फळ्या, पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी, सांडपाण्याची नळी, टायरातील हवा मोजायचे यंत्र, विजेच्या दाबापासून संरक्षण देणारे उपकरण.

ही यादी वाचताना प्रस्तुत लेखकाला खानदेशची आठवण होते. सुरतेहून बऱ्हाणपुरामार्गे आग्र्यास जाणारी जुनी वाट याच प्रदेशातून जात होती. पुढे मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून गेला, आणि धुळ्यात गावातल्या बाजाररस्त्याला आजही 'आग्रा रोड' म्हणतात. चालत्या बिऱ्हाडाचा इतका दीर्घ अनुभव असलेले प्रदेश महाराष्ट्रात फार नाहीत. तेव्हा 'प्रवासाला निघताना काय काय बरोबर घ्यावे?' या साध्या प्रश्नाचा इतिहास इथे शोधून पाहण्यासारखा आहे. कारण सामानाची यादी ही वरवर पाहता सोयीची गोष्ट असली, तरी ती करणाऱ्याला कशाची भीती वाटत होती आणि समाजात त्याची जागा कोणती होती, हेही ती सांगून जाते.

1.

सतराव्या शतकात या वाटेने गेलेल्या परदेशी प्रवाशांत झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सर्वांत व्यवहारी. त्याचे प्रवासवर्णन 1676 साली पॅरिसला प्रसिद्ध झाले. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ही आपल्या ओळखीची गावे त्याच्या मुक्कामांच्या यादीत आहेत. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, हेही त्याने आवर्जून नोंदवले आहे. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याने नवख्या प्रवाशाला केलेला उपदेश.

बैलगाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया पडते, असे तो सांगतो. सुरत ते आग्रा हा प्रवास चाळीस दिवसांचा, म्हणून एकूण चाळीस ते पंचेचाळीस रुपये. बैल निवडताना शिंगे एक फुटाहून लांब नसावीत, कारण माशी चावली की बैल मान मागे झटकतो आणि ते शिंग गाडीत बसलेल्याला लागू शकते. बैलांना संध्याकाळी गव्हाच्या पिठाचे, तूप आणि गूळ घालून मळलेले गोळे द्यावेत. प्रतिष्ठेने प्रवास करायचा, तर वीस-तीस शस्त्रधारी माणसे बरोबर ठेवावीत. त्यांना माणशी महिना चार रुपये पुरतात. ताव्हेर्नियेची ही यादी म्हणजे धनिकाची यादी आहे. त्याच्याजवळ हिरे आहेत, म्हणून त्याला चोराचे भय आहे. आणि भय आहे, म्हणून त्याच्या सरंजामात पहिले स्थान तांब्या-पातेल्याला नाही, ते माणसांना आहे.

त्याच वाटेवर त्याला दुसरे बिऱ्हाड भेटले : बंजाऱ्यांचा तांडा. दहा-बारा हजार बैल एका वेळी चालताना पाहणे हे विलक्षण दृश्य असते, असे तो म्हणतो. अरुंद वाटेवर तांडा समोरून आला, तर गाड्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. त्याच्या आधी, 1630 नंतरच्या भीषण दुष्काळाच्या काळात याच प्रदेशातून गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने चौदा हजार बैलांच्या तांड्याची नोंद केली आहे. या तांड्यांत बायका-मुले, कुत्री, भांडीकुंडी सारे काही असे. घर सोडून ते प्रवासाला निघालेले नव्हते. घरच प्रवासाला निघालेले होते.

बंजाऱ्याच्या सरंजामातील मुख्य वस्तू म्हणजे गोण. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी ही जोडपिशवी दिवसा धान्य आणि मीठ वाहत असे. मुक्कामाला त्याच गोणींची थप्पी रचून तिची भिंत केली जाई आणि वर कापड ताणले की पाल तयार होई. एकच वस्तू दिवसा माल आणि रात्री घर. आजच्या चालत्या घरात दिवसा बैठक आणि रात्री पलंग होणाऱ्या फळीचे कौतुक होते. त्या कल्पनेचा हा जुना आणि अधिक काटकसरी अवतार. 'गोणी', 'तांडा', 'पाल', 'पडाव', 'मुक्काम' हे शब्द आज आपल्या बोलण्यात इतके मुरले आहेत, की एका फिरत्या संस्कृतीचे हे अवशेष आहेत याचे भान उरत नाही.

2.

बैलाच्या पाठीकडून बैलामागच्या गाडीकडे झालेले स्थित्यंतर मात्र आपण समजतो तेवढे जुने नाही. दख्खनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मालवाहतुकीचा मोठा भाग पाठीवरच चाले. जुन्या गाड्या अवजड, चाके भरीव आणि ओढायला अनेक बैल लागत. सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे 1836 च्या सुमारास गेसफर्ड नावाच्या महसूल पाहणीतील अधिकाऱ्याने हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाडीचा नमुना ठरवून ती बनवण्याचा कारखाना काढला. रस्ते होत गेले, तशी दोन बैलांची हलकी गाडी शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. खानदेशात तर पुढे कापसाने तिला अखंड काम पुरवले. शेतकरी कुटुंब यात्रेला, लग्नाला, माहेरी गाडीने जाऊ लागले. म्हणजे 'प्रथमच गाडी घेणारा' हा प्राणी आपल्याकडेही एके काळी अवतरला होता, आणि त्यालाही सरंजामाची यादी कोणीतरी शिकवली असणारच.

ती यादी कोणत्याही पुस्तकात छापलेली नाही, पण भाषेत साठवलेली आहे. जू, जोते, शिवळा, कासरा, वेसण. आखाला घालायचे वंगण. लाकडी चाकावरची लोखंडी धाव. जू उतरल्यावर गाडीचा पुढचा भाग टेकवायचे लाकूड. उतारावर चाकाखाली सारायचा धोंडा. गाडीखाली टांगलेला कंदील. बैलांसाठी कडब्याच्या पेंढ्या. माणसांसाठी वळकटी, पडशी, विहिरीचा दोर आणि फिरकीचा तांब्या. या शेवटच्या वस्तूबद्दल थोडे सांगितले पाहिजे. झाकणाला आटे असलेला आणि गाडीच्या हिसक्यांनी न सांडणारा हा पितळी तांब्या म्हणजे प्रवासाच्या गरजेतून जन्मलेले एक पूर्ण विचारी उपकरण आहे. तसेच अन्न म्हणजे दशमी. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवल्यामुळे ती पाण्यातल्या भाकरीपेक्षा अधिक काळ मऊ राहते, आणि चालत्या गाडीत चूल पेटवावी लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे होते ते वजन भरण्याचे ज्ञान. दोन चाकांच्या गाडीत ओझे मागे जास्त झाले, की गाडी 'उलाळ' होते. जू वर उचलले जाऊन बैलांचे गळे आवळतात. ओझे पुढे जास्त झाले, की ती 'धुरजड' होते आणि बैलांच्या मानेवर सारा भार येतो. जाणता गाडीवान भरलेल्या गाडीचे जू हाताने उचलून पाही आणि पोती मागेपुढे सरकवी. आजच्या चालत्या घराच्या मालकालाही हाच धडा आधी शिकवला जातो : एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या आकड्यावर यावा, त्याहून कमी आला, तर मागचे घर रस्त्यावर डुलू लागते आणि मोटारीलाही बरोबर ओढते. दोनशे वर्षांत बैलाच्या जागी यंत्र आले, पण तराजूचा न्याय बदललेला नाही. ज्या भाषेत या दोन दोषांना दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्या भाषेच्या मागे पिढ्यांचा अनुभव उभा आहे, एवढे निश्चित.

3.

परंतु इतिहास इथे थांबला, तर तो केवळ कौतुकाचा होईल. सरंजामाच्या यादीत सर्वांत मोठा बदल घडवला तो कोणत्याही सुताराने किंवा लोहाराने नव्हे. तो कायद्याने घडवला.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. साहेबही फिरत असे. पावसाळा संपला, की जिल्ह्याचा अधिकारी दौऱ्यावर निघे. तंबू, टेबल-खुर्च्या, दप्तराच्या पेट्या, स्वयंपाकघर असे सारे गाड्यांवर आणि उंटांवर लादलेले असे. मोगलांच्या छावणीत 'पेशखाना' म्हणून तंबूंचा दुसरा संच एक मुक्काम पुढे जाऊन उभा राहत असे; साहेबाच्या तंबूची शिस्त त्याच घराण्यातली. या फिरतीला 'दौरा' म्हणत, आणि दौरा हे कर्तबगारीचे लक्षण होते.

त्याच काळात दुसऱ्यांची फिरती मात्र गुन्ह्याचे लक्षण ठरली. रस्ते आणि 1860 च्या दशकात खानदेशात आलेली आगगाडी यांनी तांड्यांचा व्यापार संपवला होता. धंदा गेलेला, पण फिरणे न सुटलेला माणूस राज्यकर्त्याला संशयास्पद वाटू लागला. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात आला, आणि 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. नोंद झालेल्या जमातीच्या माणसाला हजेरी आणि परवाना यांशिवाय गाव सोडता येईना. प्रवासाच्या यादीतील सर्वांत आवश्यक वस्तू आता तांब्या नव्हती, दोर नव्हता. ती होती कागदाची चिठ्ठी. चाक मोडले तर सुतार भेटत असे, चिठ्ठी हरवली तर तुरुंग. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. बंजारा समाज महाराष्ट्रात आजही विमुक्त जातींत गणला जातो. मात्र कायदा गेला, तरी गावाबाहेर पाल पडले की चौकशीला येणारी नजर लगेच गेली नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (1980) गाढवांच्या पाठीवरचे बिऱ्हाड जेव्हा मराठी साहित्यात आले, तेव्हा घरात बसून वाचणाऱ्या वाचकाला या नजरेची प्रथमच लाज वाटली असावी.

गाड्यांवर जगणाऱ्या गाडिया लोहारांची परंपरा याच्या उलट टोकाची. चितोड पडल्यावर (1568) त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली, असे ते सांगतात : छपराखाली राहायचे नाही, दिवा लावायचा नाही, खाट सुलटी टाकायची नाही, विहिरीचा दोर बाळगायचा नाही. ही जगातील एक अपूर्व यादी म्हणावी लागेल, कारण बरोबर काय *न्यायचे नाही* याची ती यादी आहे. शपथ खरी की दंतकथा, हा वाद इथे गौण आहे. जे दारिद्र्याने नाकारले, ते आपण स्वतःच नाकारले असे म्हणता येणे, ही माणसाच्या स्वाभिमानाची मोठी गरज असते.

4.

आणि आज? दर वर्षी मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पाचशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून पंढरपूरला जाते. दिंडीमागे आता बैलगाडीऐवजी ट्रक असतो. त्यात राहुट्या, शेगड्या, वळकट्या, आणि बरोबर पाण्याचा टँकर. त्या बिऱ्हाडाकडे कोणी संशयाने पाहत नाही. वाटेतली गावे त्याच्या पाया पडतात.

दिवाळी सरली, की दुसरी बिऱ्हाडे निघतात. चाळीसगाव तालुक्यातील तांड्यांवरून, धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवरून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली 'उचल' फेडेपर्यंत त्यांचे घर म्हणजे पाचटाची कोपी. त्यांचीही यादी असते : सहा महिन्यांचे धान्य, पत्र्याची पेटी, गोधड्या, घागर, कोयता, कधी कोंबड्या, आणि झोळीसाठी एक जुने लुगडे. एक वस्तू मात्र या यादीतून पुष्कळदा गळते, ती म्हणजे मुलाचे दप्तर. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांचे प्रयत्न झाले. ते याच उणिवेची कबुली होते.

धुळ्याच्या वाचकाला या संदर्भात इतिहासाचार्य राजवाड्यांचे स्मरण व्हावे. अल्प सामानानिशी गावोगाव हिंडून त्यांनी जी दप्तरे गोळा केली, त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी राहिली. 1926 च्या अखेरीस त्यांचे धुळ्यात निधन झाले आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच स्थापन झाले. फिरत्या माणसाच्या पाठीवरून आलेल्या कागदांना धुळ्याने कायमचे घर दिले. परंतु त्या कागदांत तांड्याची गोण आणि गाडीवानाचा तांब्या फार थोड्या ठिकाणी सापडेल. दप्तर ठेवणारे स्थिर होते आणि फिरणाऱ्यांना दप्तर नव्हते.

नवे चालते घर घेणाऱ्याने आपली यादी अवश्य करावी. ठोकळे घ्यावेत, साखळी घ्यावी, आकड्यावरचा भार तपासावा. त्याच्यासाठी शासनाच्या धोरणात वाहनतळाची, पाण्याची, विजेची कल्पना केलेली आहे; ती चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की त्याच रस्त्याच्या कडेला तीन दगडांची चूल मांडून बसलेल्या दुसऱ्या चालत्या घरासाठी पाण्याचा एक नळ आपण कल्पिला आहे का? म्हणीतला विंचू आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो. आपण त्याच्या नांगीचीच भीती बाळगत आलो. त्याच्या पाठीवर काय आहे, हे मात्र क्वचितच विचारले.