क्रेनच्या डाय-कास्ट प्रतिकृती

वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबाने साच्यात भरून घडविलेल्या प्रतिकृतीस ‘डाय-कास्ट’ म्हणतात. बांधकाम-यंत्रांसाठी १:५० हे प्रमाण रूढ आहे. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. तशा कामावरील ६० मीटर उंचीची क्रेन या प्रमाणात १२० सेंटिमीटर भरते. चाळीतल्या खोलीत ती फळीवर मावत नाही. हौशी संग्राहक तिचे दोर बदलतात, नवा रंग देतात. मात्र धातूत शिशाचा अंश राहिल्यास ‘जस्ताची कीड’ हा दोष तिला आतून तडे पाडतो. दमट हवेत तो बळावतो आणि रंगाने थांबत नाही. म्हणूनच मुंबईच्या पावसाळ्यात रंगकामापेक्षा कोरडे कपाट महत्त्वाचे ठरते.