चेक इंजिन दिवा

चेक इंजिन दिवा हा मोटारीच्या डॅशबोर्डावरील, इंजिनाच्या आकृतीचा पिवळा किंवा नारिंगी सूचक दिवा होय. इंजिन किंवा धूरनियंत्रण यंत्रणेत बिघाडाची नोंद झाल्याचे तो चालकास कळवितो. तांत्रिक लेखनात त्यास बिघाडदर्शक दिवा म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गॅरेजांत मात्र 'चेक लाइट लागली' असेच म्हटले जाते. तेलाचा दाब व इंजिनाचे तापमान यांचे लाल दिवे याहून वेगळे असून ते लागल्यास गाडी तत्काळ थांबवावी लागते. चेक इंजिन दिवा बिघाड झाला आहे एवढेच सांगतो, कोठे झाला ते सांगत नाही. त्यामुळे दिवा विझविणे आणि त्याचे कारण शोधणे ही दोन भिन्न कामे ठरतात. जुन्या गाड्यांवरील बराचसा अनाठायी खर्च या दोहोंची गल्लत केल्याने होतो.

कार्यपद्धती

इंजिनाचा नियंत्रक संगणक अनेक सेन्सरांकडून येणारी माहिती सतत पडताळतो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग इंधनास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण सायलेन्सरच्या मार्गातील ऑक्सिजन सेन्सर तपासतो व त्यानुसार संगणक इंधन कमी-अधिक करतो. ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की बिघाडाचा संकेतांक स्मृतीत नोंदला जातो. अनेक दोषांच्या बाबतीत सलग दोन फेऱ्यांत तोच दोष आढळल्यावर दिवा लागतो आणि सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्यास तो आपोआप विझतो. संकेतांक मात्र पुढेही काही काळ स्मृतीत राहतो. दिवा लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरात ज्वलन चुकत आहे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करीत आहे, असे समजावे. न जळलेले पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळू शकतो. अशा वेळी वेग कमी करून गाडी लवकरात लवकर थांबविणे इष्ट होय.

भारतातील नियम

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना एकसमान स्वनिदान प्रणाली सक्तीची झाली. भारतात १ एप्रिल २०१० रोजी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासह मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत भारत स्टेज ४ मानके लागू झाली व त्यांबरोबर स्वनिदानाचा पहिला टप्पा आला. दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून अमलात आला. या इतिहासाचा व्यावहारिक परिणाम असा, की २०१३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत १६ पिनांचे सॉकेट असले तरी संगणकाची 'भाषा' कंपनीची स्वतःची असते. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ उपकरण तेथे जोडले जात नाही, याचा अर्थ गाडी निर्दोष आहे असा नव्हे. अशा गाडीस त्या कंपनीची भाषा वाचणारा स्कॅनर लागतो.

निदान

प्रथम संकेतांक वाचून लिहून ठेवावेत. पुसण्याची घाई करू नये. संकेतांकाबरोबरच त्या क्षणीचा वेग, तापमान व इंजिनावरील भारही नोंदलेला असतो आणि पुसताना हा पुरावा नष्ट होतो. त्यानंतर बॅटरी तपासावी. बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनात साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. कमकुवत बॅटरीमुळे परस्परांशी संबंध नसलेले अनेक संकेतांक एकाच वेळी उमटू शकतात.

संकेतांक भागाचे नाव सांगतो असे मानणे ही सर्वांत महागडी चूक होय. पी०४२० या संकेतांकाचा अर्थ कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी भासते एवढाच आहे. सायलेन्सरच्या जोडातील गळती किंवा थकलेला ऑक्सिजन सेन्सर यांमुळेही तो येतो, तेव्हा महागडा कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी हे दोन्ही तपासले पाहिजेत. पी०१७१ म्हणजे मिश्रण विरळ. हवेचे वजन मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत हा दोष मंद गतीत जास्त व वाढत्या वेगात कमी होत असेल, तर फुटलेल्या व्हॅक्यूम पाइपचा संशय घ्यावा; भार वाढताच दोष वाढत असेल, तर इंधन पंप किंवा फिल्टरचा. पी०३०१ हा पहिल्या सिलिंडरातील मिसिंग दाखवितो. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असल्यास पहिली व दुसरी कॉइल आपसांत बदलून पाहावी. संकेतांक पी०३०२ झाला तर दोष कॉइलमध्ये आहे. न झाल्यास प्लग, इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासावे. या चाचणीस एक पैसाही लागत नाही.

टाकीचे झाकण सैल राहिल्याने दिवा लागतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुख्यतः अमेरिकी गाड्यांना लागू आहे. भारतीय नियम युरोपीय धर्तीचे असून त्यांत इंधनबाष्पाच्या गळतीची तपासणी सक्तीची नव्हती.

ठाणे-कल्याण परिसरातील कारणे

घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरील कोंडीत गाडी तासन्‌तास मंद गतीत राहते. त्याने थ्रॉटल बॉडीत व डिझेल गाड्यांच्या ईजीआर झडपेत काजळी साचते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यास सेन्सरांच्या जोडांत ओल शिरून पिना हिरव्या पडतात. अशा वेळी सेन्सर बदलण्याऐवजी जोड साफ करणे पुरते. इमारतीखाली उभ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात, हे कारण तर कोणत्याच संकेतांकावरून थेट कळत नाही, बॉनेट उघडून डोळ्यांनीच पाहावे लागते. नंतर सीएनजी किट बसविलेल्या गाडीत दिवा पेट्रोलवर लागतो की गॅसवर, हे आधी पाहावे. केवळ गॅसवर लागत असल्यास दोष बहुधा किटच्या जुळणीत असतो. २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलास हवा कमी लागते, त्यामुळे जुनी गाडी इंधन वाढवून भरपाई करते. आधीच दुरुस्तीच्या मर्यादेवर असलेल्या गाडीत तेवढ्यानेही दिवा लागू शकतो.

पीयूसी आणि जुनी खरेदी

पीयूसी केंद्रात पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. भारत स्टेज ४ गाड्यांस त्यांची मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के व दशलक्षांत २०० भाग आहे. दिवा लागलेली गाडीही या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व गाडीच्या तपासणीनंतर पाच वर्षांसाठी वाढविता येते. ठाणे (एमएच-०४) व कल्याण (एमएच-०५) येथे २०१० साली नोंदलेल्या गाड्या २०२५ मध्ये या टप्प्यावर आल्या. अशी गाडी विकत घेताना चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, दिवा लागतो की नाही ते पाहावे. तो क्षणभरही न लागल्यास दिवा नादुरुस्त आहे किंवा काढून टाकलेला आहे. स्कॅनरने पाहता गाडीच्या स्वचाचण्या 'अपूर्ण' दिसल्यास संकेतांक नुकतेच पुसले गेले असण्याचा अथवा बॅटरी काढली गेल्याचा संभव असतो.