कालोचाचे आर्चबिशप उग्रीन

हंगेरीचा राजा दुसरा आंद्रे याच्या दरबारीं उग्रीन हे चॅन्सेलर होते. १२१९ सालीं ते कालोचाचे आर्चबिशप झाले. १२४१ च्या मार्चांत मोंगल स्वार पेस्तपर्यंत आले, तेव्हां चौथ्या बेला राजाची आज्ञा मोडून उग्रीन यांनीं त्यांचा पाठलाग केला. जड चिलखतांचे स्वार दलदलींत रुतले. आर्चबिशपांसह तिघेचौघेच परतले. या उतावळेपणाचें समर्थन आम्हांस करवत नाहीं. परंतु पुढें शायो नदीकांठीं, गाड्यांच्या दाट कोंडाळ्यांत, राजा निर्धास्त राहिला. तेव्हां रात्रीं पुलावर जाऊन शत्रूस मागें रेटणाऱ्यांत उग्रीन होते, आणि सकाळीं राजाला तोंडावर दोष देणारेहि तेच. ११ एप्रिलच्या त्या मोहीच्या लढाईंत राजा निसटला. उग्रीन आणि एस्तरगोमचे आर्चबिशप मातियास दोघेहि पडले.