बाबाशाही रुपयाची साक्ष

बडोदे शहराच्या जुन्या कोटास चार दरवाजे: लहरीपुरा, चांपानेर, गेंडीगेट आणि पूर्वेकडील पाणीगेट. या कोटाच्या आत गायकवाडी अमदानीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या देवघरांतून, लक्ष्मीपूजनाच्या डबीत, एखादा चांदीचा रुपया अजून निघतो. पूर्वी तो विकावयाचा म्हणजे सराफाची पायरी चढणे आले. आता पाणीगेटच्या घरात बसून दोन छायाचित्रे घ्यावीत, ती इंटरनेटवर मांडावीत, आणि पुण्याच्या वा पणजीच्या संग्राहकाने तो रुपया हाती न घेता, न वाजवता विकत घ्यावा, असा व्यवहार चालतो.

‘न वाजवता’ हे शब्द आम्ही जाणून योजले आहेत. संस्थानाचे स्वतःचे चलन होते त्या काळी नाणे दगडावर वाजवून, हाताने तोलून त्याचा बट्टा ठरविणे हे सराफाचे शास्त्र होते. गायकवाड दरबारास कर्जे देणारी हरिभक्तींसारखी पेढी याच विद्येवर उभी होती. आज त्या कानाची आणि बोटांची जागा एकट्या छायाचित्राने घेतली आहे.

बाबाशाही रुपयाच्या बाबतीत ही साक्ष फार नाजूक ठरते. हा रुपया हातोड्याने पाडलेला. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून लेखाचा काही भाग नेहमीच बाहेर राही. त्यावर फारसीत दिल्लीच्या दुसऱ्या अकबराचे नाव असे. गायकवाडाची ओळख म्हणजे एक वाकडी तलवार आणि नागरीतील आद्याक्षरे. १८५७ नंतर खंडेरावांच्या नाण्यावरून बादशहाचे नाव गेले आणि ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ ही घराण्याची बिरुदे आली. तेव्हा नाणे कोणत्या राजाचे, हे पुष्कळदा एका अक्षरावर ठरते. ते अक्षर उजेडाच्या तिरिपेत पुसले गेले, तर सांगितलेल्या किमतीस आधार राहत नाही.

तिसऱ्या सयाजीरावांचा यंत्रावर पाडलेला रुपया वाचावयास सोपा. त्यावर महाराजांची मुद्रा, मागे तलवार आणि नागरी अंकांत साल. पण ते साल विक्रम संवताचे! १९४८ हा आकडा पाहून स्वातंत्र्यानंतरचे नाणे समजणारे नवखे भेटतात. वस्तुतः ते इसवी सन १८९१-९२ होय.

छायाचित्र एका बाजूने येणाऱ्या मंद उजेडात घ्यावे. झगझगीत दिवा अक्षरे गिळून टाकतो. दोन्ही बाजू दाखवाव्यात आणि कडही दाखवावी, कारण ओतीव नकलेचा सांधा तेथेच सापडतो. वजनकाट्यावरील आकडाही चित्रात यावा. आणि घरच्या मंडळींना एक विनंती: विक्रीपूर्वी नाणे चिंच-राखेने घासू नये. पूजेच्या तांब्यास ते शोभते. पण नाण्यावरील काळसर झाक ही त्याच्या वयाची खूण आहे, आणि ती गेली की जाणता संग्राहक हात आखडता घेतो.

आता कायद्याचे. १९३० च्या माल-विक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. आमच्या मते नाण्याचे चित्र हेही वर्णनच आहे. दुसऱ्याच्या नाण्याचे चित्र लावून आपले नाणे पाठविणाऱ्यास ‘खरेदीदाराने पाहून घ्यावे’ असे म्हणता यावयाचे नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्यावाचून करता येत नाही, आणि खाजगी माणसास ते नाणे परदेशी पाठविता येत नाही, मग मागणी लंडनहून येवो की लिस्बनहून. आमच्या गोमंतकीय वाचकांच्या घरी दों लुईसचा १८८१ चा रुपया असेल, तर त्यासही हाच नियम. पाया खणताना हंडा सापडला तर गोष्ट निराळी: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी असल्यास, आधी कलेक्टरास लेखी कळवावे लागते. त्याचे छायाचित्र विक्रीस लावणे त्यानंतरचे.