शत्रूशी संवादाची गुप्त वाट : मायकेल ओटली आणि उत्तर आयर्लंड

मायकेल ओटली हे ब्रिटनच्या परदेशविषयक गुप्तचर संस्थेचे, म्हणजेच एमआय-६ चे अधिकारी. ब्रिटिश सरकार आणि आयरिश रिपब्लिकन आर्मी, अर्थात आयआरए, यांच्यातील गुप्त संपर्काचा धागा १९७३ पासून १९९१ पर्यंत, मध्ये दीर्घ खंड पडूनही, त्यांच्या नावाशी जोडलेला राहिला. ‘दहशतवाद्यांशी वाटाघाटी नाहीत’ असे लंडनचे सरकार जाहीरपणे सांगत असतानाच हा संपर्क चालू होता. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ साली झालेल्या शांतता कराराचे श्रेय राजकीय नेत्यांना मिळाले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कराराकडे जाणारी पायवाट ज्यांनी अंधारात मळवली, त्यांत या अधिकाऱ्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि प्रॉटेस्टंट बहुसंख्या असलेला ईशान्येकडील सहा परगण्यांचा प्रदेश ब्रिटनकडे राहिला. तेथील कॅथलिक अल्पसंख्याकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीला १९६८-६९ मध्ये हिंसक वळण लागले, लष्कर पाचारण करण्यात आले आणि आयआरएमधून फुटून निघालेल्या ‘प्रोव्हिजनल’ गटाने सशस्त्र लढा आरंभला. पुढील तीन दशकांत सुमारे साडेतीन हजार माणसे या संघर्षात मृत्युमुखी पडली. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची २७ ऑगस्ट १९७९ रोजी बोटीवर बॉम्बस्फोट घडवून जी हत्या झाली, ती याच संघटनेने केली होती.

३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात लष्कराने निदर्शकांवर केलेल्या गोळीबारात १३ जण जागीच ठार झाले. या ‘रक्तरंजित रविवारा’नंतर आयआरएकडे तरुणांची रीघ लागली. त्याच वर्षी ओटलींचे पूर्वाधिकारी फ्रँक स्टील यांनी आयआरएशी पहिला संपर्क साधला. त्यातून अल्पकाळाची शस्त्रसंधी झाली आणि ७ जुलै १९७२ रोजी लंडनमधील चेल्सी भागातील एका घरात उत्तर आयर्लंडचे मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी आयआरएच्या शिष्टमंडळाची भेट घेतली. या शिष्टमंडळात जेरी अ‍ॅडम्स आणि मार्टिन मॅकगिनेस हे दोन तरुण होते. अ‍ॅडम्स यांना तर त्यासाठी स्थानबद्धतेतून सोडण्यात आले होते. बैठक निष्फळ ठरली आणि दोन दिवसांतच शस्त्रसंधी मोडली. २१ जुलै रोजी बेलफास्ट शहर बॉम्बस्फोटांच्या मालिकेने हादरले. मंत्र्याने थेट भेटण्याचा प्रयोग सरकारला चांगलाच महागात पडला होता.

बांबूची नळी

या अपयशाच्या सावटाखाली १९७३ मध्ये ओटली बेलफास्टला दाखल झाले. उत्तर आयर्लंडविषयी आपल्याला जवळजवळ काहीच माहिती नव्हती, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. माहिती गोळा करणाऱ्या यंत्रणा तेथे भरपूर होत्या. लष्कराची, पोलिसांची आणि एमआय-५ ची अशा तिन्ही यंत्रणांचे खबरे होते. मात्र समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकून घेणारे आणि आपले म्हणणे तिच्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचवणारे कोणी नव्हते. ही उणीव भरून काढणे हेच ओटलींनी आपले काम मानले.

त्यांना योग्य माणूस डेरीत सापडला. ब्रेंडन डडी हे तेथील व्यावसायिक. तळलेले मासे व बटाट्याच्या काचऱ्या विकणारी दुकाने ते चालवीत. हिंसेला त्यांचा विरोध होता, परंतु शहरातील रिपब्लिकन मंडळींचा त्यांच्यावर विश्वास होता. मॅकगिनेस पोरसवदा वयात डडींच्या दुकानात माल पोहोचवण्यासाठी येत असत. ब्रिटिश अधिकारी, डडी आणि आयआरएचे नेतृत्व अशी ही तीन कड्यांची साखळी होती. आयआरएच्या वर्तुळात ओटलींना ‘माउंटन क्लाइंबर’, म्हणजे गिर्यारोहक, या टोपणनावाने ओळखले जाई.

त्या सुमारास उत्तर आयर्लंडचे मंत्री मर्लिन रीस यांनी आयआरएशी संपर्क ठेवण्यास मनाई केली होती. तेव्हा ओटलींनी वरिष्ठांपुढे एक दृष्टान्त ठेवला. आपल्या हाती पोकळ बांबूची एक नळी आहे. तीतून कोणताही निरोप पाठवायचा नाही. केवळ हलकीशी फुंकर घालायची, म्हणजे पलीकडे कोणी आहे आणि त्यालाही आपण येथे असल्याचे ठाऊक आहे, एवढे कळेल. यास हरकत नसावी, असे उत्तर त्यांना मिळाले. बोलणे नसतानाही बोलण्याची सोय जिवंत ठेवणे हे पडद्याआडच्या मुत्सद्देगिरीचे मर्म या दृष्टान्तात आले आहे.

१९७५ ची शस्त्रसंधी

१९७४ च्या डिसेंबरमध्ये काही प्रॉटेस्टंट धर्मगुरूंनी फीकल या गावी आयआरएच्या नेत्यांची भेट घेतली आणि नाताळपुरती शस्त्रसंधी झाली. या संधीचा लाभ घेऊन ओटलींनी आपली नळी वापरात आणली. डडींच्या डेरीतील घरी ओटली आणि परराष्ट्र खात्याचे जेम्स अ‍ॅलन हे रुअरी ओ ब्रॅडी व बिली मॅकी या रिपब्लिकन नेत्यांना भेटू लागले. १० फेब्रुवारी १९७५ पासून बेमुदत शस्त्रसंधी लागू झाली. ती मोडू नये यासाठी जागोजागी ‘घटना केंद्रे’ उघडण्यात आली आणि शिन फेनचे कार्यकर्ते तेथून दूरध्वनीने सरकारी अधिकाऱ्यांशी बोलू लागले. त्याच वर्षअखेर विनाचौकशी स्थानबद्धतेची पद्धतही बंद झाली.

तरीही ही शस्त्रसंधी फसली. आयआरएच्या नोंदींनुसार, ब्रिटिशांनी आयर्लंडमधून अंग काढून घेण्याच्या रचनेवर चर्चेची तयारी दर्शवली होती. रिपब्लिकन नेत्यांनी त्याचा अर्थ ब्रिटिश सत्तेची माघार असा घेतला. लंडनच्या लेखी मात्र त्या शब्दात सैन्याने बराकीत परतण्यापलीकडे काही असण्याची सक्ती नव्हती. संदिग्ध शब्दांमुळे बोलणी सुरू झाली होती, आणि त्याच संदिग्धतेमुळे ती फिसकटली. दरम्यान धार्मिक सूडाच्या हत्या थांबल्या नव्हत्या. १९७६ च्या जानेवारीत एका दिवशी सहा कॅथलिकांचे आणि दुसऱ्याच दिवशी दहा प्रॉटेस्टंट कामगारांचे बळी गेले. तोवर ओटलींची बदली झाली होती.

या प्रकरणाचा परिणाम दूरगामी ठरला. ब्रिटिशांनी वेळ काढून संघटना खिळखिळी केली, असा निष्कर्ष अ‍ॅडम्स-मॅकगिनेस यांच्या पिढीने काढला. जुने नेतृत्व मागे पडले आणि ‘दीर्घ युद्धा’चे धोरण पुढे आले. गुप्त संवाद अपुरा राहिला तर तो संघर्ष लांबवूही शकतो, ही १९७५ ची कटू शिकवण होय.

तुरुंगातील उपोषणे

१ मार्च १९७६ नंतरच्या गुन्ह्यांसाठी राजकीय कैद्यांसारखा खास दर्जा सरकारने रद्द केला. त्यातून मेझ तुरुंगातील कैद्यांचा लढा उभा राहिला आणि २७ ऑक्टोबर १९८० रोजी उपोषण सुरू झाले. दरम्यानच्या काळात ओटली आणि डडी यांचा स्नेह टिकून होता. डिसेंबरमध्ये एक कैदी मरणाच्या दारात असताना डडींनी ओटलींशी संपर्क साधला आणि वरिष्ठांची संमती मिळवून तोडग्याचा मसुदा तयार झाला. तो घेऊन ओटली १८ डिसेंबर रोजी बेलफास्टला उतरले. ओळख पटावी म्हणून त्यांनी कोटाला तांबडे फूल लावले होते. विमानतळावर एका धर्मगुरूच्या हाती त्यांनी कागद दिले. परंतु ते तुरुंगात पोहोचण्यापूर्वीच, सहकाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, कैद्यांचे नेते ब्रेंडन ह्यूज यांनी उपोषण सोडले होते.

मसुदा हाती आला तेव्हा कैद्यांकडे दबावाचे साधन उरले नव्हते आणि अपेक्षित सवलतीही प्रत्यक्षात मिळाल्या नाहीत. १ मार्च १९८१ रोजी बॉबी सँड्स यांनी दुसरे उपोषण आरंभले. त्यात सँड्स यांच्यासह दहा कैदी मरण पावले. त्या जुलैमध्ये डडींमार्फत पुन्हा निरोपांची देवाणघेवाण झाली. कैद्यांना धाडायच्या मजकुरावर पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी स्वहस्ते दुरुस्त्या केल्याचे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. ‘कधीही वाटाघाटी करणार नाही’ अशी ख्याती असलेल्या पंतप्रधानांनाही ही नळी वापरावी लागली होती. तो प्रस्ताव वेळीच स्वीकारला असता तर उरलेले प्राण वाचले असते काय, यावर रिपब्लिकन गोटात अद्याप कडवट वाद आहे.

निवृत्तीपूर्वीची भेट

१९९१ च्या प्रारंभी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले ओटली डेरीत मॅकगिनेस यांना भेटले. त्याच फेब्रुवारीत आयआरएने थेट डाउनिंग स्ट्रीटवर उखळी तोफांचा मारा केला होता. असे असूनही, मॅकगिनेस लढ्याला राजकीय वळण देण्यास तयार आहेत, असे ओटलींचे मत झाले. त्यांच्या सांगण्यावरून आणि तत्कालीन मंत्री पीटर ब्रूक यांच्या संमतीने एमआय-५ च्या एका अधिकाऱ्याकडे हा धागा सोपवण्यात आला.

१९९३ च्या फेब्रुवारीत लंडनला एक निरोप पोहोचला. संघर्ष संपला असून तो आवरता घेण्यासाठी तुमचा सल्ला हवा आहे, असा त्याचा आशय होता आणि तो मॅकगिनेस यांचा असल्याचे सांगण्यात आले. मॅकगिनेस यांनी याचा ठाम इन्कार केला. मराठी वाचकाला येथे ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा आठवल्यावाचून राहणार नाही; फरक इतकाच की येथे बदललेल्या शब्दांनी मृत्यूऐवजी शांततेची वाट मोकळी करण्यास हातभार लावला. २० मार्च रोजी वॉरिंग्टन येथील स्फोटात दोन मुलांचा बळी गेला. तेव्हा ठरलेली बैठक रद्द करण्याचा आदेश निघाला. तो डावलून संबंधित अधिकारी २३ मार्च रोजी मॅकगिनेस व जेरी केली यांना भेटला, ही गोष्ट पत्रकार पीटर टेलर यांच्या २०२३ मधील पुस्तकातून उजेडात आली.

१ नोव्हेंबर १९९३ रोजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी, अ‍ॅडम्स यांच्याशी बोलण्याच्या कल्पनेनेच आपल्याला मळमळेल, असे संसदेत सांगितले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ‘ऑब्झर्व्हर’ने गुप्त संपर्काचे बिंग फोडले. सरकारची नाचक्की झाली. पण प्रक्रिया थांबली नाही. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली आणि मध्ये ती मोडून पुन्हा जुळल्यावर १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला. २००५ मध्ये आयआरएने शस्त्रे निकामी केली. ८ मे २००७ रोजी कट्टर प्रॉटेस्टंट नेते इयान पेझली यांच्या जोडीने मॅकगिनेस उपमुख्यमंत्री झाले.

मूल्यमापन

निवृत्तीनंतरही ओटलींनी आपले मत लपवले नाही. आधी शस्त्रे टाका, या अटीवर अडून न बसता शिन फेनवर विश्वास ठेवायला शिकावे, असे त्यांनी १९९९ मध्ये ‘संडे टाइम्स’मधील लेखात प्रतिपादन केले. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. अशा संपर्कामुळे हिंसेला प्रतिष्ठा मिळते, लोकांपासून सत्य दडवले जाते आणि बळींच्या कुटुंबांवर अन्याय होतो, हे तिन्ही आक्षेप उत्तर आयर्लंडच्या बाबतीत अंशतः खरे ठरले.

तथापि दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. १९७५ मध्ये, १९८० मध्ये आणि १९९३ मध्ये राजकीय निकड निर्माण झाली, तेव्हा संवादाचे साधन आयते उपलब्ध होते, कारण कोणीतरी ते मधल्या निष्फळ वर्षांत जपले होते. त्यात डडींचा वाटा ओटलींइतकाच मोठा होता. संशयाचे मळभ डोक्यावर असताना त्यांनी हे काम विनामोबदला केले. २००८ पर्यंत त्यांचे नाव जाहीररीत्या बाहेर आले नाही. २०१७ मध्ये मार्चमध्ये मॅकगिनेस आणि मे महिन्यात डडी निवर्तले. डडींचे खासगी कागद गॉलवे येथील विद्यापीठात जतन केलेले असून, शत्रूशी बोलावे की नाही आणि बोलायचे तर कोणत्या शब्दांत, हा प्रश्न पडणाऱ्या प्रत्येक राज्यकर्त्याने आणि अभ्यासकाने ते आवर्जून पाहण्याजोगे आहेत.